कोऱ्या स्टेपनीची लाज

मित्रांनो, मोटारीला चाकं किती असं विचारलं तर तुम्ही पटकन चार म्हणाल. रस्त्यावर चारच दिसतात, त्यामुळे तुमचंही चुकत नाही. मी पाचवी. डिकीच्या तळाशी एका गोल खड्ड्यात, अंगावर फळी घेऊन पडून राहणारी. मला स्टेपनी म्हणतात. चारांपैकी एखाद्याला खिळा लागला, त्याची हवा गेली, तर त्याच्या जागी उभं राहायचं, एवढंच माझं काम. उभ्या आयुष्यात ते काम मला एकदाच मिळालं. त्या दिवसाबद्दल सांगायची मला लाज वाटते. पण न सांगता पडून राहायची त्याहून जास्त वाटते, म्हणून सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. कच्चं रबर, काजळी, पोलादाच्या बारीक तारा, असं सगळं एकत्र करून मला तापलेल्या साच्यात दाबलं. बाहेर आले तेव्हा माझ्या अंगावर रबराचे इवलेइवले केस होते. नव्या टायरला ते असतातच. चार दिवस डांबरावर धावला की झडतात. माझ्या चार भावांचे असेच झडले. ते कुवेतच्या रस्त्यांवर धावले, झिजले, गेले. त्यांच्या जागी दुसरे आले, मग तिसरे. मी फळीखाली होते तशीच होते. माझ्यावरून बोट फिरवलं तर केस अजून टोचायचे. याचा मला फार अभिमान होता.

गाडीचे पहिले मालक कुवेतमधल्या सलव्याला राहायचे. ते देश सोडून गेले तेव्हा गाडी देवेंद्रने घेतली. देवेंद्र एका कंपनीत संगणकाचं काम बघतो आणि अबू हलीफाला राहतो. त्याची बायको शलाका आणि चार वर्षांची मुलगी स्वरा. माझ्या वरच्या फळीवर आता स्वराची बाबागाडी आली, पाण्याच्या बाटल्यांचे खोके आले, तांदळाचं पोतं आलं. मागच्या सीटवरून स्वरा पाय आपटायची ते मला खाली ऐकू यायचं. ती झोपावी म्हणून शलाका हलक्या आवाजात गाणं म्हणायची, तेही यायचं. गाणं थांबलं की समजायचं, झोपली. मग देवेंद्र गाडी इतकी सांभाळून चालवायचा की मलाही गुंगी यायची.

देवेंद्रला गाडीचं वेड. त्याच्यासारख्या दहाबारा मराठी वेड्यांनी एक गाडीकट्टा सुरू केला होता. दर शुक्रवारी सकाळी सात वाजता, ऊन तापायच्या आत, अबू हलीफाच्या समुद्राजवळच्या पार्किंगमध्ये सगळे जमत. थर्मासमधून चहा, कोणाच्या तरी घरचे पोहे, आणि मग ज्याला आठवड्यात जे नवं कळलं असेल ते त्याने सांगायचं. नियमच होता तसा. रिकाम्या हाताने यायचं नाही.

आणि काय काय कळायचं! पेट्रोलच्या काट्याशेजारी एक छोटा बाण असतो. टाकीचं झाकण ज्या बाजूला, त्या बाजूला तो वळलेला असतो. आठ वर्षं गाडी चालवणाऱ्या अजयला हे माहीत नव्हतं. अजय बँकेत आहे आणि बोलण्यात कोणाला हार जात नाही, पण त्या दिवशी तो गाडीत बसून त्या बाणाकडे बघतच राहिला होता. कोणी सांगायचं, उन्हात गाडी लावताना स्टिअरिंग अर्धं फिरवून ठेवा, म्हणजे हात धरायची जागा खाली सावलीत राहते आणि परत आल्यावर पोळत नाही. कोणी दाखवायचं, एका बाजूची काच उघडायची आणि समोरचं दार पाचसहा वेळा पंख्यासारखं हलवायचं, की आतली सगळी गरम हवा बाहेर. यातलं काहीच मोठं नव्हतं. पण प्रत्येक गोष्टीला "अरेच्चा!" व्हायचं. मला ते "अरेच्चा!" आवडायचं.

एका शुक्रवारी माझ्यासाठीही झालं.

डिकीतली जुनी फळी उष्णतेने वाकली होती. नवी बसवायला देवेंद्रने शंकरकाकांना कट्ट्यावरच बोलावलं होतं. शंकरकाका सुतार. गाव कुडाळजवळ. इथे एका फर्निचरच्या कारखान्यात कंत्राटावर, सहाजणांच्या खोलीत राहणारे. त्यांनी जुनी फळी काढली आणि मला कित्येक वर्षांनी आकाश दिसलं.

"बघा रे, बघा!" देवेंद्र म्हणाला. "केससुद्धा गेलेले नाहीत. कोरी करकरीत!"

सगळे माझ्याभोवती जमले. कोणी फोटो काढला. अर्चना कट्ट्यातली सगळ्यांत अभ्यासू. ती हिशेबनीस आहे, पण गाडीबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी कट्ट्यात ती एकटीच. तीही म्हणाली, "काय ठेवलीय!"

शंकरकाका खाली वाकले. त्यांनी माझ्या कडेला अंगठा दाबला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग नखाने एक जागा खरवडली. तिथे केसासारख्या बारीक भेगा होत्या.

"दिसाक नवी असा," ते म्हणाले, "पण रबर सुकलेलां असा. ह्येच्यार भरवसो ठेवू नको, भाऊ."

अजय हसला. "काका, ती अजून एक किलोमीटरसुद्धा धावली नाही. म्हातारी कशी होईल?"

"लाकूड खंय धावता?" शंकरकाका म्हणाले. "पडान पडानच सुकता."

"काका, हे लाकूड नाही हो, रबर आहे रबर!" अजय म्हणाला, आणि सगळे हसले. देवेंद्रही हसला. शंकरकाकांनी काखेतली मोजपट्टी काढली आणि ते फळीचं माप घेऊ लागले.

मित्रांनो, आता खरं सांगते. त्या हसण्यात मीही होते. मला बोलता येत नाही हे खरं. पण येत असतं तरी मी त्या दिवशी बोलले नसते. माझं वय माझ्या अंगावरच कोरलेलं होतं, भेगा कुठे आहेत तेही मला ठाऊक होतं. दरवर्षी जूनपासून सप्टेंबरपर्यंत डिकीच्या पत्र्याला हात लावायची सोय नसते. त्या धगीत मी आतून कशी कडक होत गेले, ते माझ्याशिवाय कोणाला कळणार? पण चारचौघांत झालेलं कौतुक इतकं गोड होतं की हा सुतार कधी एकदा फळी लावतो आणि जातो, असं मला झालं होतं. त्यांनी ती लावली. अगदी बेतशीर, कुठे फट नाही. मी अंधारात खूश होते.

पुढे सात महिन्यांनी अर्चनाने कट्ट्यावर एक मोठी गोष्ट आणली. टायरच्या कडेला बरीच अक्षरं आणि आकडे असतात, त्यांतले शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. पहिले दोन वर्षातला आठवडा, पुढचे दोन साल. "आणि नीट ऐका," ती म्हणाली, "टायर धावला नाही तरी म्हातारा होतो. इथल्या उन्हात तर लवकरच."

केवढं "अरेच्चा!" झालं म्हणून सांगू! सगळे गुडघ्यांवर बसून आपापल्या गाडीचे आकडे वाचू लागले. देवेंद्रचे चारही टायर दोनच वर्षांचे निघाले. तो अगदी फुलून गेला. शलाका पोह्यांचा डबा घेऊन गाडीशी उभी होती. तिने विचारलं, "आणि डिकीतली?"

"ती तर कोरीच आहे गं. वापरलीय कधी आपण?"

"अर्चना तेच म्हणतेय ना, न वापरताही..."

"अगं, सगळं सामान काढावं लागेल. बाबागाडी, तांदूळ, शंकरकाकांच्या बॅगा. बघू नंतर."

हो, शंकरकाकांच्या बॅगा. कारण तो त्यांच्या जाण्याचा दिवस होता. रविवारी गावाला त्यांच्या मुलीचं, अक्षदाचं, लग्न होतं. दोन वर्षांनी रजा मिळाली होती. दुपारी एकचं मुंबईचं विमान, तिथून रात्रीच्या गाडीने कुडाळ. विमानतळावर सोडायचं देवेंद्रने आपणहून कबूल केलं होतं. "कट्टा आटपून निघू, काका. साडेनऊला निघालं तरी पुष्कळ झालं." शंकरकाका सकाळी साडेसहालाच तयार होऊन आले होते. सगळे आकडे वाचत होते तेव्हा ते पुढच्या सीटवर पासपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मागे वळून एकदा बघितलं. "म्हातारा होतो" हे शब्द त्यांनी ऐकले असणारच. पण ते पिशवी उघडून पुन्हा पासपोर्ट बघू लागले.

मीही ऐकले. त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली.

साडेनऊला निघालो. देवेंद्र, शलाका, स्वरा आणि काका. स्वराला विमानं बघायची होती. हमरस्त्याला लागून दहा मिनिटं झाली असतील, तोच मागचा डावा भाऊ कशावर तरी गेला आणि फसफसत बसला. लोखंडाची पट्टी होती. देवेंद्रने गाडी कडेला घेतली.

"काही नाही, काही नाही," तो म्हणाला. "वीस मिनिटांचं काम. स्टेपनी आहे ना आपली!"

बॅगा उतरल्या, बाबागाडी उतरली, तांदूळ उतरले. फळी उघडली. शंकरकाकांनी मला बघितलं, मी त्यांना. त्यांनीच शर्टाच्या बाह्या वर करून मला उचललं, त्यांनीच नट आवळले. वीस मिनिटांच्या कामाला तास लागला. घाम त्यांच्या नाकावरून माझ्यावर पडत होता. लग्नाला जायचा शर्ट होता तो. नवा.

माझ्यात हवा कमी होती. हळूहळू पेट्रोलपंपापर्यंत गेलो, तिथे हवा भरली. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा जमीन माझ्या अंगाखाली आली होती. मी फुगले, ताठ झाले. मला वाटलं, निभावेन मी. मला मनापासून वाटलं हो. तुम्हाला खोटं वाटेल, पण पहिली दोनतीन मिनिटं मी सुखात होते.

"हळू चालव," शलाका म्हणाली.

"ऐंशीवरच आहे."

मग माझ्या आतला एक थर सुटला. आधी थडथड, थडथड असा आवाज झाला. "काय वाजतंय?" असं शलाका म्हणेपर्यंत मी फुटले. माझी पाठ सोलून निघाली आणि पत्र्यावर आपटत राहिली. गाडी एकीकडे ओढली गेली. स्वरा किंचाळली. मागून येणाऱ्या मोठ्या गाडीचा भोंगा कितीतरी वेळ वाजत होता. देवेंद्रने ब्रेक दाबला नाही, फक्त स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. हेही कोणीतरी एका शुक्रवारी सांगितलेलं होतं, आणि त्यानेच सगळे वाचले. गाडी कडेला येऊन थांबली.

कोणाला काही लागलं नाही. हे आधी सांगते, कारण या गोष्टीत माझ्याजवळ सांगण्यासारखं चांगलं एवढंच आहे.

अकरा वाजले होते. शुक्रवारची वेळ, दुपारच्या नमाजासाठी सगळी दुकानं बंद व्हायला लागली होती. टॅक्सीच्या ॲपवर पाऊण तास दाखवत होतं. देवेंद्रने कट्ट्यातल्या सगळ्यांना फोन लावले. सर्वांत जवळ अजय होता, सलव्याला. "निघालोच," तो म्हणाला. शंकरकाका रस्त्याच्या कडेला दोन बॅगांच्या मधे उभे राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवत होते. शलाकाने त्यांच्या डोक्यावर स्वराची छोटी फुलाफुलांची छत्री धरली. ते "नको, नको" म्हणत होते.

अजय अकरा चाळीसला आला. काका त्याच्या गाडीत बसले आणि गेले. आम्ही तिथेच. बारा वाजून दहा मिनिटांनी देवेंद्रचा फोन वाजला. त्याने तो स्पीकरवर टाकला.

"देवा," अजयचा आवाज होता. "काउंटर बंद झाला. पाच मिनिटांपूर्वी."

"विनंती कर ना! सांग, मुलीचं लग्न आहे!"

"केली रे. सगळं करून झालं. पुढची जागा रविवारची आहे. दुपारची."

लग्न रविवारी सकाळी होतं. देवेंद्र गाडीला टेकून खाली बसला. मी त्याच्या खांद्याच्या उंचीवर होते. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने ओल्या बोटाने माझ्यावरची धूळ पुसली आणि चार आकडे वाचले. चोविसावा आठवडा, साल दोन हजार तेरा. त्याच्या लेकीहून मी कितीतरी मोठी.

मला त्या वेळी त्याने लाथ मारली असती तर बरं वाटलं असतं.

रविवार इथे कामाचा दिवस, पण देवेंद्रने रजा काढली. मागे नवा टायर लावला होता. मला टाकून द्यायला त्याला वेळ मिळाला नव्हता. मी फाटकी, डिकीत सगळ्यांत वर पडले होते. तिघे शंकरकाकांना घेऊन विमानतळावर गेले. गाडी वाहनतळात लावली, पण कोणी उतरलं नाही. तिथला मुहूर्त अकरा चाळीसचा, म्हणजे इथले नऊ वाजून दहा मिनिटं. काकांनी मोबाइल पुढच्या काचेला टेकवून ठेवला होता.

पलीकडून सनई ऐकू येत होती, मधेच तुटत होती. काकांचा भाऊ रूपेश मुलीच्या बापाच्या पाटावर बसला होता.

"आवाज येता मा, दादा?" रूपेशने विचारलं.

"येता, येता. तू बस नीट. धोतर सुटतला तुझां."

तिकडे कोणीतरी हसलं. मग मोबाइल अक्षदाकडे गेला असावा, कारण एकदम हुंदका आला.

"रडा नको गो," काका म्हणाले. "मी हंयच असंय. बघतंय मी. काजळ पसारतला, रडा नको."

शलाकाने डब्यात कुंकू लावलेले तांदूळ आणले होते. तिने काकांच्या हातात दिले, स्वराच्या हातात दिले. प्रत्येक मंगलाष्टक संपलं की तिघं मिळून त्या एवढ्याशा पडद्यावर अक्षता टाकत. स्वराच्या मुठीतले काही दाणे मागे उडून डिकीत माझ्यावर येऊन पडले. अशा जागी पडायचे नव्हते ते.

"आई, व्हाय इज काका क्रायिंग?" स्वराने विचारलं.

"लग्नात बाबा रडतातच, बाळा," शलाका म्हणाली.

फोन बंद झाल्यावर देवेंद्र त्यांच्याकडे वळला. "काका, तुम्ही मला सांगितलं होतंत," तो म्हणाला. "तोंडावर सांगितलं होतंत. आणि मी हसलो."

काका तांदळाचे दाणे एकेक वेचून डब्यात टाकत होते.

"चूक माझीव असा," ते म्हणाले. "माका परत एकदा बोलाक व्हया होता. शुक्रवारी ती बाई म्हातारपणाचां सांगी होती, तेव्हा माझ्या तोंडार इला होता. पण म्हटलां, गाडये ह्यांचे. माझी खंय गाडी असा? ह्यांका म्हायत असतला."

बॅगा देवेंद्रने स्वतः उचलल्या. काकांनी एक घ्यायला हात पुढे केला, पण त्याने दिली नाही.

पुढच्या शुक्रवारी त्याने मला कट्ट्यावर नेलं आणि सगळ्यांच्या मधोमध जमिनीवर ठेवलं. त्याने घडलेलं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःचं हसणंही नाही. अजय खाली मान घालून उभा होता. मग सगळ्यांनी आपापल्या डिक्या रिकाम्या केल्या. अकरा गाड्या होत्या. सात गाड्यांमध्ये माझ्यासारख्याच कोऱ्या म्हाताऱ्या निघाल्या. अर्चनाने आपली बघितली आणि ती समुद्राकडे जाऊन उभी राहिली. चार आकड्यांचा शोध तिने लावला होता, आणि तिची स्टेपनी माझ्याहून एक वर्षाने मोठी होती.

"हा शोध आपल्यापैकी कोणाचा नाही," देवेंद्र म्हणाला. "एका सुताराचा आहे. त्यांनी नुसता अंगठा लावून ओळखलं होतं."

शंकरकाका रजा संपवून आले तेव्हा सगळ्यांनी त्यांना कट्ट्यावर यायचा आग्रह केला. त्यांनी लग्नाचे लाडू पाठवून दिले, स्वतः मात्र अजून आलेले नाहीत. कारखान्यात काम फार आहे, म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. देवेंद्रलाही वाटत नाही.

देवेंद्रने मला यूसुफभाईंकडे दिलं, आता मी त्यांच्या दुकानाबाहेर असते. इथे पंक्चरच्या दुकानाला बंचर म्हणतात. यूसुफभाई हैदराबादचे. त्यांनी मला भिंतीला टेकवून ठेवलं आहे आणि माझ्या आकड्यांभोवती खडूने गोल काढला आहे. आईबाबांबरोबर आलेली मुलं माझ्याजवळ येतात, फाटलेल्या जागेत बोट घालतात. घालू देते. तेवढा तरी माझा उपयोग.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर आज बाबांना किंवा आईला डिकीतलं सामान काढायला सांगा. कंटाळा करतील, तरी सांगा. आम्हाला महिन्यातून एकदा हवा द्या, आमचे आकडे वाचा, आणि आमच्या कोरेपणाला भुलू नका. आम्ही स्वतःहून काही सांगत नाही. जो सांगतो त्याच्याकडे गाडी आहे की नाही, हे तेवढं बघू नका.

परवा देवेंद्र हवा भरायला आला होता. दुपारचे दोन, ऊन असं की समोरचा रस्ता हलताना दिसत होता. गाडीच्या काचा वर, आत गार हवा, मागे स्वरा झोपलेली. यूसुफभाई पंपाजवळूनच हातवारे करून काहीतरी म्हणाले. आतून ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पूर्वीचा देवेंद्र नुसती मान डोलावून निघून गेला असता. त्याने शलाकाला आतच बसायला सांगितलं, दार उघडून तो त्या उन्हात उतरला, दार हलकेच लावलं आणि यूसुफभाईंच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला.

"सॉरी, भाईसाब," तो म्हणाला, "आप क्या कह रहे थे? फिरसे बोलिए."